दुरुस्ती करायला गेले आणि दूध.सीएसव्ही शून्य केबी झाली

आप्पांची_लेक

काल संध्याकाळपासून डोकं बधिर झालंय, म्हणून जरा लांबण लागेल. वाचून घ्या.

आमचे आप्पा गावात दूध संकलन बघतात. २३ उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, दर दहा दिवसांनी बिल. सगळं वहीवर. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथन मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले आणि आप्पांना म्हटलं, या खेपेचं बिल मी लॅपटॉपवर काढून देते. पहिले चार दिवस त्यांनी वहीपण चालू ठेवली. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, आता कशाला डबल काम. (हे वाक्य काल रात्री मला तीनदा ऐकवलं गेलंय.)

नोंद करायचं फंक्शन 'ए' मोडमध्ये दूध.सीएसव्ही (स्वल्पविरामांनी खाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) उघडतं आणि शेवटी एक ओळ जोडतं. नऊ दिवस ते झकास चाललं. चारशेच्या आसपास ओळी झाल्या होत्या. काल आप्पा म्हणाले, सकाळी कृष्णातमामांच्या म्हशीला ६.८ फॅट लागली होती, तू ८.६ टाकलीस, दुरुस्त कर. म्हणून खऱ्या फाइलवर पहिल्यांदाच दुरुस्तीचं फंक्शन चालवलं. स्क्रीनवर आलं 'दुरुस्ती झाली'. आणि फाइल उघडून बघते तर रिकामी. शून्य केबी.

लॅपटॉप डेअरीत आहे, हे फोनवरून लिहितेय, म्हणून कोड उच्चाराप्रमाणे मराठीतच देते:

डेफ दुरुस्ती(तारीख, पाळी, नंबर, नवी_फॅट):
    ओळी = []
    ट्राय:
        एफ = ओपन('दूध.सीएसव्ही')
        ओळी = एफ.रीडलाइन्स()
    एक्सेप्ट:
        पास
    एफ = ओपन('दूध.सीएसव्ही', 'डब्ल्यू', एन्कोडिंग='यूटीएफ-८')
    फॉर ओळ इन ओळी:
        (इथे तारीख, पाळी, नंबर जुळले तर फॅट बदलते)
        एफ.राइट(ओळ)
    एफ.क्लोज
    प्रिंट('दुरुस्ती झाली')

मी हे न तपासता वापरलं असं नाही. आधी घरच्या तीन गायींवर चाचणी घेतली होती. आनंदी, शामराव आणि कमल अशी तीन खोटी खाती, तिघांची जनावरं गाय. दुरुस्ती बरोबर झाली होती, फॅट बदलली होती. फक्त नावांच्या जागी भुताटकीसारखी अक्षरं दिसत होती. मला वाटलं नोटपॅडचा फॉन्ट नाही.

विंडोज आहे, पायथन ३.१२. आज दहावा दिवस, परवा बिल द्यायचंय. फाइल परत मिळेल का? आणि तीन गायींवर चाललेलं २३ उत्पादकांवर का मेलं?

उबंटूवाला

मी तुझा कोड जसाच्या तसा टाइप करून, पाच-सहा मराठी नावं घालून चालवला. काही बिघडलं नाही, दुरुस्ती नीट झाली. तू आकडे मराठीत टाकले असणार. इंटमध्ये बदलताना फुटलं असेल.

कडक_चहा

बॅकअप घ्यायचा असतो ताई.

आप्पांची_लेक

@कडक_चहा, हे आप्पा म्हणून झालेत. तुमचा नंबर दुसरा.

@उबंटूवाला, आकडे सगळे इंग्रजीच आहेत. नावं आणि वरची शीर्षकाची ओळ तेवढी मराठीत.

बाइट_मोजणारा

ताई, आधी एक काम करा. त्या फोल्डरमध्ये आता काहीही सेव्ह करू नका. लॅपटॉपवर कोडच्या टर्मिनलची खिडकी अजून उघडी असेल तर ती बंद करू नका. नोंद केल्यावर प्रोग्रॅम ती ओळ छापत असेल तर वर सरकवून जेवढं सापडेल तेवढं कॉपी करून घ्या. फोल्डर वनड्राइव्हमध्ये असेल तर फाइलवर राइट क्लिक करून जुनी आवृत्ती मिळते का बघा. यापैकी काही नसेल तर फाइलमधून काही परत यायची आशा कमीच, हे आत्ताच सांगतो.

आता का मेलं ते. मराठी आकड्यांचा यात संबंध नाही. पायथनला इंट('१२') दिलं तरी ते १२ च धरतं, देवनागरी अंक त्याला कळतात. आणि उबंटूवर चालणारच होतं, कारण उबंटू म्हणजे लिनक्स, आणि तिथे ओपन न सांगताच यूटीएफ-८ धरतं (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात, यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्या चालणारी पद्धत). विंडोजवर तुमच्या ३.१२ मध्ये तसं नाही. तिथे एन्कोडिंग सांगितलं नाही तर ते विंडोजचं स्वतःचं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा जुना तक्ता, घेतं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर बहुतेक ते सीपी-१२५२ असतं. ही युरोपीय अक्षरांची २५६ घरांची चाळ आहे, आणि त्यात पाच घरं रिकामी (घरांचे नंबर सोळाच्या पद्धतीत, म्हणून अंकांत अक्षरं): ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी.

तुम्ही लिहिताना यूटीएफ-८ सांगितलंत, वाचताना नाही. माझा अंदाज असा की सुरुवातीला लिहितानाच एरर आला असेल, कुठल्यातरी व्हिडिओत उपाय सापडला आणि तो तेवढ्याच ओळीला लावला. चूक असेल तर सांगा.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे हलन्त, हे ई०, ए५, ८डी असं लिहिलं जातं. ऱ्हस्व उकार ई०, ए५, ८१. 'ए' हे अक्षर ई०, ए४, ८एफ. 'ऐ' च्या शेवटी ९०, 'झ' च्या शेवटी ९डी, चंद्रबिंदूच्या शेवटी ८१. म्हणजे कुठलंही जोडाक्षर, कुठलाही ऱ्हस्व उकार, ए, ऐ, झ आला की सीपी-१२५२ ला ते घर रिकामं सापडतं आणि वाचणं तिथेच कोसळतं.

आता तुमची चाचणी बघा. आनंदी, शामराव, कमल, गाय. एकही जोडाक्षर नाही, ऱ्हस्व उकार नाही. प्रत्येक बाइटला कुठलं ना कुठलं घर मिळालं, एरर आला नाही, फक्त कचरा वाचला गेला. 'कमल' ची तीन अक्षरं म्हणजे नऊ परकी चिन्हं. तोच कचरा तुम्ही यूटीएफ-८ म्हणून परत लिहिलात, म्हणून नोटपॅडमध्ये भुतं दिसली. फॉन्टचा दोष नव्हता. आमच्या पिढीला फॉन्टवर संशय घ्यायची सवय लागली ती जुन्या डीटीपीमुळे (छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणं), तेव्हा फॉन्ट बदलला की खरंच मजकूर बदलायचा. आता मराठी अक्षराऐवजी चौकोन दिसला तर फॉन्ट, आणि डोक्यावर रेघ असलेले परके, रोमन लिपीतले ए दिसले तर एन्कोडिंग, असं धरून चालायला हरकत नाही.

मग खऱ्या फाइलमध्ये कृष्णात आला. आणि म्हैस आली. 'म्हैस' मध्ये 'म' चा पाय मोडलेला आहे. तुमच्या प्रोग्रॅमला गाय चालते, म्हैस चालत नाही.

वाचताना एरर आला, तो तुमच्या 'एक्सेप्ट: पास' ने गिळला. 'ओळी' रिकामीच राहिली. पुढच्या ओळीत 'डब्ल्यू' ने फाइल उघडली. 'डब्ल्यू' फाइल उघडतानाच कापून शून्य करतो, राइटची वाट बघत नाही. मग रिकाम्या यादीवर लूप फिरला, म्हणजे फिरलाच नाही, आणि 'दुरुस्ती झाली' ही ओळ कुठल्याही अटीत नसल्यामुळे छापली गेली.

खात्री करून घ्यायची असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये शीर्षकाची ओळ आणि पहिल्या नोंदीची ओळ अशी दोन ओळींची फाइल तुमच्याच नोंद-फंक्शनने बनवा, ट्राय-एक्सेप्ट काढा आणि वाचा. शीर्षक काय होतं आणि पहिली नोंद कुणाची होती ते इथे लिहिलंत तर एरर कितव्या बाइटवर येईल तेही सांगतो.

आप्पांची_लेक

सर, व्हिडिओचं एकदम बरोबर ओळखलंत! लिहिताना 'चारमॅप' वाला एरर आला होता, त्यावरचा तो उपाय.

शीर्षक: तारीख,पाळी,नंबर,नाव,जनावर,लिटर,फॅट
पहिली ओळ: ०१-०७-२०२५,१,००१,कृष्णात,म्हैस,... (हे आकडे फाइलमध्ये इंग्रजीत आहेत, फोनचा कीबोर्ड मराठी आहे.)

पहिलंच खातं मामांचं. म्हणजे प्रोग्रॅम पहिल्याच माणसावर अडला असणार?

बाइट_मोजणारा

हो, पहिल्याच नावावर. शीर्षकात देवनागरीची २८ चिन्हं, म्हणजे ८४ बाइट, अधिक सहा स्वल्पविराम, ९०. विंडोज ओळीच्या शेवटी दोन बाइट टाकतं, ९२. तारखेचे दहा, स्वल्पविराम, पाळी, स्वल्पविराम, नंबराचे तीन, स्वल्पविराम, हे १७. मोजणी शून्यापासून असते, म्हणजे नाव १०९ पासून सुरू. 'क', 'ऋ' ची मात्रा आणि 'ष' मिळून नऊ बाइट, ११७ पर्यंत. मग हलन्त: ११८ वर ई०, ११९ वर ए५, १२० वर ८डी.

एरर असा यायला हवा: बाइट ८डी, पोझिशन १२०.

गंमत म्हणजे तुम्ही शीर्षकात 'नंबर' ऐवजी 'क्रमांक' लिहिलं असतंत तर त्या 'क्र' वर चाचणीतच भांडं फुटलं असतं. अर्थात एक्सेप्टने तेही गिळलं असतं, पण निदान तीन गायींचीच फाइल गेली असती.

आप्पांची_लेक

आत्ता डेअरीत येऊन चालवलं. 'कान्ट डीकोड बाइट ०एक्स८डी इन पोझिशन १२०'.

१२०!! आप्पांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "या माणसाला इथनं कसं कळलं?" मी म्हटलं, मोजलं.

टर्मिनल मी रात्रीच बंद केलं होतं, वनड्राइव्ह नाही. पण एक आठवलं. प्रत्येक पाळी संपली की छापलेली यादी मी कॉपी करून व्हॉट्सॲपवर उत्पादकांच्या ग्रुपला टाकते. मामांना फॅटचा घोळ कळला तोही त्यातूनच. म्हणजे सगळ्या ओळी तिथे आहेत. चॅट एक्सपोर्ट करून त्यातून काढते. तोवर फंक्शन कसं लिहू ते सांगाल का?

बाइट_मोजणारा

वा, सुटलात मग.

फंक्शनबद्दल. सगळ्यात आधी ते एक्सेप्ट काढून टाका, पूर्ण. शिकताना ट्राय-एक्सेप्ट लागतच नाही असं माझं मत आहे. फाइल नसेल तर तेवढ्यापुरतं 'एक्सेप्ट फाइल-नॉट-फाउंड-एरर' असं नाव घेऊन पकडा, बाकी सगळं फुटू दे. फुटलेला प्रोग्रॅम निदान तुमची फाइल तरी सोडतो.

प्रत्येक ओपनला एन्कोडिंग, वाचताना आणि लिहितानाही. पुढे ३.१५ पासून विंडोजवरही यूटीएफ-८ च डीफॉल्ट करायचं ठरलंय (पायथनचा बदल-प्रस्ताव पीईपी ६८६), पण तुमच्याकडे ३.१२ आहे, तेव्हा हाताने लिहा.

आणि वाचतो त्याच फाइलवर 'डब्ल्यू' लावू नका. असं:

विथ ओपन('दूध.सीएसव्ही', एन्कोडिंग='यूटीएफ-८') ॲज जुनी:
    ओळी = जुनी.रीडलाइन्स()
(यादीत बदल करा, किती ओळी बदलल्या ते मोजा)
इफ बदल != १:
    प्रिंट('बदल झाले:', बदल, 'फाइलला हात लावला नाही')
एल्स:
    विथ ओपन('दूध_नवी.सीएसव्ही', 'डब्ल्यू', एन्कोडिंग='यूटीएफ-८') ॲज नवी:
        नवी.राइटलाइन्स(ओळी)
    ओएस.रिप्लेस('दूध_नवी.सीएसव्ही', 'दूध.सीएसव्ही')
    प्रिंट('दुरुस्ती झाली')

वरती इम्पोर्ट ओएस विसरू नका. नवी फाइल पूर्ण लिहून बंद झाली की मगच तिला जुनीच्या जागी बसवायचं. मध्येच वीज गेली तरी जुनी शाबूत.

अजून एक, तुमच्या 'एफ.क्लोज' ला कंस नाहीत. कंसाशिवाय ते फंक्शनचं नुसतं नाव घेणं झालं, फाइल बंद होत नाही. तुमचं निभावलं कारण फंक्शन संपताच 'एफ' नाहीसा होतो आणि पायथन फाइल आपोआप बंद करतं. हाच कोड फंक्शनच्या बाहेर असता तर प्रोग्रॅम चालू असेपर्यंत शेवटच्या ओळी बफरमध्येच (फाइलवर जाण्याआधीच्या तात्पुरत्या साठ्यात) अडकून राहिल्या असत्या, आणि 'लिहिलं पण फाइलमध्ये नाही' म्हणून तुम्ही दुसरा प्रश्न टाकला असता. 'विथ' वापरलं की ही भानगडच नाही.

आप्पांची_लेक

सगळं परत मिळालं. ४०९ ओळी. व्हॉट्सॲपची फाइल एक्सेलमध्ये उघडून नको ते काढलं, खाने नीट केले आणि एक्सेलमधूनच 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलं. (नुसतं 'सीएसव्ही' निवडलं तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात हेही कळलं, नशीब आधी कॉपीवर करून बघितलं.)

दुरुस्ती झाली, मामांची फॅट ६.८. पण आता बिलाचं फंक्शन अडलंय. त्यात मी डिक्टरीडर वापरलाय (तो शीर्षकातल्या नावाने खाना काढून देतो), आणि की-एरर येतो, म्हणजे त्या नावाचा खाना नाही म्हणतो: 'तारीख'. फाइल उघडून बघते तर पहिला खाना तारीखच आहे! शुद्धलेखन चारदा तपासलं.

शाळेतल्या_बाई

मी बोलते, हे माझ्या निकालपत्रकांत दरवर्षी होतं.

प्रिंट(लिस्ट(ओळ)) करून बघ. पहिलं नाव 'तारीख' नसून '\यूएफईएफएफतारीख' असं दिसेल. एक्सेल 'सीएसव्ही यूटीएफ-८' करताना फाइलच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतं, तिला बीओएम म्हणतात. ती पहिल्या शब्दाला चिकटते. नुसतं प्रिंट केलं तर दिसत नाही, यादी म्हणून छापलं तरच उघडी पडते. वाचताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दे, खूण असली तर ते काढून टाकतं, नसली तरी कुरकुर करत नाही.

उलटं पण लक्षात ठेव. पायथनने साध्या यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली फाइल एक्सेलवर डबल क्लिक करून उघडलीस तर मराठीची पुन्हा भुतं होऊ शकतात. एक्सेलसाठी लिहायची असेल तर लिहितानाही 'सिग'.

नंबरही बघून घे. एक्सेलने ००१ चं १ केलं असणार. बिलात तू '००१' शोधत असशील तर मामांचं बिल शून्य निघेल. नंबरावर झेडफिल(३) लाव, पुढची शून्यं परत येतात. आणि पुढे सीएसव्ही रायटर वापरशील तेव्हा ओपनमध्ये न्यूलाइन='' लिही, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते.

आप्पांची_लेक

बाई, सगळं तसंच निघालं. खूण होती आणि ००१ चं १ पण झालं होतं. मामांचं बिल आलं!

पहिल्या चार दिवसांची बेरीज आप्पांनी वहीशी ताडून बघितली. २३ पैकी २२ खाती जुळली. एकाच खात्यात अर्ध्या लिटरचा फरक निघाला. आप्पा म्हणाले कॉम्प्युटर चुकला. ग्रुपवरची त्या दिवशीची यादी काढून दाखवली, तर साडेचारच लिटर होतं, वहीत पाच पडलं होतं. आप्पांनी चष्मा पुसला आणि वहीत खोडून साडेचार केलं. उद्यापासून वही मात्र परत चालू.

आता शेवटचं. दुरुस्ती परत करून बघत होते, तर ओएस.रिप्लेसच्या ओळीवर पर्मिशन-एरर येतोय, 'ॲक्सेस इज डिनाइड'. सकाळी हेच चाललं होतं. फाइल माझी, लॅपटॉप माझा, मग परवानगी कुणाची?

कडक_चहा

एक्सेल बंद करा ताई.

आप्पांची_लेक

केलं. चाललं.